तोंडातला आवाज, पाटीवरचे अक्षर

(दादरा-नगर हवेलीतल्या खडोली येथील स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते आहे आणि समोर शिक्षक, अंगणवाडीताई आणि पहिली-दुसरीतल्या मुलांचे आईबाप बसले आहेत. म्हणून मी एकच विषय घेतला आहे: मूल वाचायला कसे शिकते. त्यातही फक्त पहिला टप्पा, म्हणजे कागदावरच्या खुणेतून आवाज काढायचा आणि त्या आवाजातून आपल्या ओळखीचा शब्द ऐकायचा. हा टप्पा शाळेच्या पहिल्या वर्षात पार पडायला हवा. आपल्याकडे तो तिसरी-चौथीपर्यंत रेंगाळतो आणि कित्येकांच्या बाबतीत पार पडतच नाही. २०२२ सालच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम वीस मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०१८ साली हा आकडा सत्तावीसच्या आसपास होता. मधल्या काळात करोनामुळे शाळा बंद होत्या, हे खरे. पण त्याआधीचे सत्तावीस तरी कोणत्या तोंडाने पुरेसे म्हणायचे?

हल्ली शहरांत, आणि आता कारखान्यांच्या वसाहतींतही, ‘फोनिक्स’ शिकवू असे सांगणारे वर्ग निघाले आहेत. पालक पैसे भरून मुलांना तिथे धाडतात. त्यांना नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. मुलाला इंग्रजी यावे असे वाटणे रास्त आहे, आणि फोनिक्सची पद्धतही चांगली आहे. अक्षराचे नाव घोकण्याऐवजी अक्षराचा आवाज शिकायचा आणि आवाजाला आवाज जोडून शब्द करायचा, एवढेच तिचे सार आहे. ‘बी-ए-टी बॅट’ असे शंभरदा म्हटले, तरी ‘बी’, ‘ए’ आणि ‘टी’ या तीन नावांतून ‘बॅट’ हा आवाज निघत नाही. ब्, ॲ, ट् असे आवाज जोडले की तो निघतो.

इंग्रजीत यावरून मोठे वाद झाले. १९६७ साली जीन चॉल या अमेरिकन विदुषीने आधीचे सगळे संशोधन चाळून सांगितले, की आवाज-अक्षराची जोडी सुरुवातीलाच उघडपणे शिकवली तर मुले पुढे बरी वाचतात. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन म्हणजे संदर्भावरून केलेला अंदाज असतो असे मांडले, आणि त्यांच्या मागे शिक्षकांची एक पिढीच्या पिढी गेली. मुलांना गोष्टींच्या पुस्तकांत सोडा, अक्षरे आपोआप येतील, असा तो विश्वास होता. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने आणि २००६ साली इंग्लंडमध्ये रोझ अहवालाने पुन्हा चॉल यांच्या बाजूने कौल दिला. २०१२ पासून इंग्लंडमध्ये पहिल्या इयत्तेच्या मुलांची आवाज जोडून वाचण्याची छोटी तपासणी होते. वादाचा धुरळा आता बराच खाली बसला आहे. आवाज-अक्षराची जोडी क्रमाने, स्पष्टपणे शिकवावी लागते. तेवढ्याने भागत नाही, पण त्यावाचून पुढे जाताही येत नाही.

इंग्रजीला एवढा खटाटोप करावा लागतो, कारण तिची अक्षरे सव्वीस आणि आवाज चाळीसच्या वर. एकाच अक्षराचे चार आवाज, एकाच आवाजाची पाच लेखने. २००३ साली युरोपातल्या तेरा भाषांमधल्या पहिलीच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा फिनिश मुले वर्षभरात जवळजवळ बिनचूक वाचताना आढळली. इंग्रजी मुलांना तेवढ्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागत होता. भाषेचे लेखन जितके सरळ, तितका मुलाचा रस्ता आखूड.

मग मराठीचे काय? आपली लिपी तर आवाजांवरच उभी आहे. वर्णमाला ज्यांनी लावली त्या प्राचीन भाषाअभ्यासकांनी जीभ कुठे टेकते, घसा कधी थरथरतो, श्वास कधी जोराने सुटतो हे पाहून ती लावली. क-वर्ग घशाजवळचा, च-वर्ग टाळूचा, मग मूर्धा, दात आणि शेवटी ओठ. तोंडाच्या आतून बाहेर येत जाणारा असा हिशेब जगातल्या फार थोड्या लिप्यांना जमला आहे. देवनागरीचे लेखन इंग्रजीपेक्षा फिनिशच्या कितीतरी जवळचे आहे. म्हणजे आमची मुले दिवाळीपर्यंत वाचती व्हायला हवीत. ती होत नाहीत. माझे म्हणणे असे, की आवाजांवर उभ्या असलेल्या या लिपीला आपण आवाजापासून तोडून शिकवतो. त्यातही आपल्या या भागात ती मुलाच्या तोंडातल्या आवाजापासून तोडून शिकवली जाते. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

जुन्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोट फिरवून धुळाक्षरे गिरवत. मुळाक्षरे पाठ, मग बाराखडी पाठ, मग जोडाक्षरे, आणि हे सगळे तोंडपाठ झाल्यावर शब्द. ज्या घरात पोथी वाचली जाई, तिथल्या मुलाला हे झेपे. त्याच्या कानावर लिहिलेल्या भाषेची लय रोज पडत असे आणि कशासाठी घोकतो आहोत हे त्याला दिसत असे. पण जरा हिशेब करून पाहा. ३४ व्यंजनांना प्रत्येकी १२ रूपे धरली तर बाराखडी ४०८ अक्षरांची होते. ज्या मुलाच्या घरात पुस्तक नाही, त्याने एकही अर्थाचा शब्द न वाचता ही ४०८ अक्षरे ओलांडायची आणि मगच वाचनाचा पहिला आनंद घ्यायचा, ही अपेक्षा क्रूर आहे. त्यात ‘ङ’ आणि ‘ञ’ अगदी सुरुवातीलाच भेटतात. पहिलीच्या मुलाला त्यांचा उपयोग काय? वर्णमालेचा क्रम व्याकरण शिकणाऱ्यासाठी अप्रतिम आहे. नवशिक्यासाठी तो अवघड पडतो, कारण जवळजवळ सारखे आवाज एकामागोमाग येतात आणि क-ख, ग-घ, ट-ठ, ड-ढ यांत त्याचा कान गोंधळतो.

कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली आला. कन्नड ही आपल्यासारखीच, व्यंजनाला स्वरचिन्हे जोडणारी लिपी. तिथल्या मुलांना सगळी अक्षरे आत्मसात व्हायला चौथी-पाचवी उजाडते असे त्यात दिसले. आपण मात्र पहिलीतच तक्ता संपवतो आणि ‘झाले’ अशी खूण करतो.

आता आपल्या शेजारची गोष्ट. खडोलीहून डहाणू फार लांब नाही. तलासरी ओलांडली की डहाणू तालुका, तिथला बोर्डीचा किनारा आणि कोसबाडची टेकडी. तिथे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक या मूळच्या मुंबईच्या. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. गिजुभाईंनी १९२० साली तिथे बालमंदिर सुरू केले होते आणि माँटेसरीबाईंचे विचार ते गुजरातीत रुजवत होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत शिक्षणाचा विचार लिहिणारी ही माणसे. गुजराती-मराठीच्या सीमेवर राहणाऱ्या तुम्हाआम्हाला ती दुप्पट जवळची वाटायला हवीत. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. पुढे काम कोसबाडला, वारल्यांच्या पाड्यांत गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली, पण ही नावे आपल्यापर्यंत पोचावीत ती दुसऱ्या कारणासाठी.

मुले शाळेत येत नाहीत, असे त्यांना दिसले. त्यावर या दोघी शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. समोर बसलेल्या अंगणवाडीताईंच्या पदाचे नाव याच किनाऱ्यावर जन्मले आहे. थोरली मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हटले. माँटेसरीची साधने महाग होती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने यांची साधने केली.

वाचनाच्या दृष्टीने माँटेसरीबाईंची एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तिथे खरखरीत कागदाची अक्षरे पाटीवर चिकटवलेली असत. मूल त्यांवरून बोट फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज काढी. नाव नाही, आवाज. मग सुटी अक्षरे घेऊन ते आपल्या मनातला शब्द मांडी. वाचण्याआधी लिहिणे, असा तो क्रम होता. मला या क्रमात फार अर्थ दिसतो. वाचताना दुसऱ्याच्या मनातले ओळखायचे असते. लिहिताना शब्द आपलाच असतो, त्याचा आवाज आपल्या तोंडात आधीच असतो, फक्त त्याचे तुकडे ऐकायचे आणि प्रत्येक तुकड्याची खूण शोधायची. लहान मुलाला हे दुसरे काम आधी जमते. आपल्या पहिलीच्या वर्गांत मात्र लिहिणे म्हणजे फळ्यावरचे उतरवून काढणे. ओळीच्या ओळी सुबक उतरवणारे आणि त्यातला एकही शब्द वाचू न शकणारे मूल पाहिले नाही, असा शिक्षक या भागात मिळणे कठीण.

कोसबाडचा धागा पुढे तुटला नाही. १९८२ साली अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. तिचे काम डहाणू तालुक्यातल्या ऐना-गंजाडच्या पाड्यांत चालले. तिथे काम केलेल्या नीलेश निमकरांनी पुढे वाडा तालुक्यात सोनाळे येथे क्वेस्ट ही संस्था काढली. त्याच वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षे मागोवा घेतला. तीच मुले, पहिलीपासून तिसरीपर्यंत. २०१७ साली त्याचा अहवाल आला. आपल्याकडच्या वर्गांचे इतके बारकाईने केलेले वर्णन दुसरे माझ्या वाचनात नाही. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे उतरवण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो. अर्थाविषयी बोलणे जवळजवळ होत नाही. आणि इतका वेळ अक्षरांवर घालवूनही तिसरीअखेर अनेक मुलांना मात्रा लागलेली अक्षरे धड वाचता येत नाहीत. म्हणजे अर्थासाठी अक्षरे सोडली असे झाले नाही, आणि अक्षरांसाठी अर्थ सोडूनही अक्षरे हाती लागली नाहीत. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. वाडा तालुका आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला. तिथली मुले आणि इथली मुले एकाच तारप्याच्या सुरांवर नाचणारी.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी यातून बाहेर पडण्याचा वेगळा रस्ता दाखवला. त्या जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या बोलींचा अभ्यास करायला आल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. गावातल्या दलित वस्तीतली मुले शाळेत जाऊनही वाचत नाहीत हे पाहून त्या शिकवू लागल्या, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. सगळी मुळाक्षरे एका दमात न देता थोडी व्यंजने आणि एखाददुसरी मात्रा यांचा गट द्यायचा, त्या गटात होतील ते सगळे शब्द मुलांनी करायचे आणि मग पुढचा गट, ही त्यांची रीत. इंग्रजी फोनिक्समध्येही हेच तत्त्व आहे. ‘जॉली फोनिक्स’ नावाच्या प्रसिद्ध पद्धतीत पहिल्या गटात सहाच अक्षरे असतात, आणि ती वर्णक्रमाने न घेता शब्द भरपूर होतील अशी निवडलेली असतात. इंग्रजी पुस्तकातून आपण गाणी आणि हातवारे उचलतो. उचलण्यासारखी गोष्ट ही निवड आहे.

खडोलीसाठी पहिला गट कोणता असावा? मी तो ‘नागली’ या शब्दातून काढीन.

नागली, म्हणजे नाचणी, इथल्या प्रत्येक आदिवासी मुलाने खाल्ली आहे, तिची भाकर पाहिली आहे, शेतात तिची लावणी पाहिली आहे. त्या शब्दात न, ग, ल ही तीन व्यंजने आणि काना व दीर्घ वेलांटी या दोन मात्रा आहेत. न, ना, नी. ग, गा, गी. ल, ला, ली. नऊ अक्षरे झाली. आता या नऊ अक्षरांत काय काय बसते ते पाहा: नाग, गाल, लाल, नाल, नाला, नाना, नानी, नानाला, नानीला, गालाला, लागला, लागली. आणि बसतो ‘लगीन’. वारल्यांच्या घरात लगीन म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. धवलेरी लग्नाची गाणी गाते, बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघट देवी बसते. मुलाने तो चौक पाहिलेला असतो. आता फक्त एक अनुस्वार द्या, की तीन व्यंजने, दोन मात्रा आणि एक टिंब एवढ्या सामग्रीत मूल लिहू शकते: ‘लगीन लागलं’. पुरे वाक्य आहे. त्यात कर्ता आहे, क्रिया आहे, आणि सांगण्यासारखी बातमी आहे. शाळा उघडल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहिलीचे मूल हे वाक्य स्वतः मांडू शकते आणि घरी जाऊन आजीला वाचून दाखवू शकते.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी नेमके हेच केले होते. १९६३ साली अंजिकोस या गावी त्यांनी सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत वाचायला-लिहायला शिकवले. मजुरांच्या कामातला एक शब्द घ्यायचा, उदाहरणार्थ ‘तिजोलो’, म्हणजे वीट. त्याचे चित्र दाखवून त्यावर बोलायचे. मग शब्द फोडायचा: ति, जो, लो. आणि प्रत्येक तुकड्याचे कुटुंब मांडायचे: ता, ते, ति, तो, तु. ही बाराखडीच आहे, मित्रहो. ती फक्त आरंभी न देता शब्दाच्या पोटातून काढलेली आहे. भाषा कोणती होती? पोर्तुगीज. ज्या भाषेचा अंमल सिल्वासावर २ ऑगस्ट १९५४ पर्यंत होता, त्या भाषेत एका माणसाने गरिबांच्या तोंडातला शब्द उचलून त्यांना अक्षर दिले. अंजिकोसनंतर पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराची सत्ता आली आणि फ्रेरेंना तुरुंगात जावे लागले. अक्षर आले की माणसे काय मागतील, हे त्या सत्तेला चांगले कळले होते.

नागली झाल्यावर दुसरा शब्द कोणता घ्यावा, हे मी इथे उभा राहून सांगणे बरोबर नाही. तुम्ही पाड्यावर ऐकून ठरवा. निकष तीन. शब्द मुलाच्या रोजच्या तोंडचा हवा, त्यातून निघणाऱ्या अक्षरांचे शब्द पुष्कळ झाले पाहिजेत, आणि आधीच्या गटाशी त्याचे जुळले पाहिजे. क, म, द आणि एक मात्रा मिळवली की ‘काका, मला मका दे’ हे वाक्य तयार होते.

काही बारकावे वर्गात उपयोगी पडतील, ते सांगतो. पहिला, कानाचा. अक्षर दाखवण्याआधी आवाज वेगळा ऐकायचा खेळ हवा. नागली, नाक, नाना: सुरुवातीला काय ऐकू आले? गाल, लाल, नाल: शेवट कसा? टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडायचे. हा खेळ पाटी-पुस्तकाशिवाय होतो आणि अंगणवाडीतच व्हायला हवा. ज्या मुलाच्या कानाला तुकडे ऐकू येत नाहीत, त्याला अक्षर म्हणजे नुसती नक्षी वाटते.

दुसरा, व्यंजनातल्या ‘अ’चा. आपण ‘ग’ असे म्हणतो तेव्हा त्यात ‘अ’ असतो. पण ‘नाग’ म्हणताना शेवटचा ‘अ’ गळतो. ‘करवत’ म्हणताना मधलाही गळतो. मूल ‘ना…ग…’ असे लांबवून वाचते तेव्हा ते चुकत नसते, आपण शिकवले तेच म्हणत असते. त्याला ओरडू नये. ‘आता भरभर म्हण, कोणता शब्द ऐकू येतो?’ असे विचारावे. शब्द ओळखीचा असेल तर ते लगेच ‘नाग’ म्हणेल. अनोळखी असेल तर अडकेल. पहिल्या वर्षीचे शब्द घरातले हवेत, ते या कारणासाठी.

तिसरा, मात्रांच्या क्रमाचा. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि ऐकू येतो त्याच्या आधी. डोळा आणि कान इथे उलट दिशांना ओढतात, म्हणून या दोन्ही गोष्टी उशिरा घ्याव्यात. दीर्घ वेलांटी आधी घ्यावी. ती आवाजाच्याच क्रमाने येते, आणि शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी मराठीत बहुधा दीर्घच असते. ‘लगीन’सारख्या शब्दांतही शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी नियमाने दीर्घ असते. म्हणजे मुलाला खोटेही शिकवावे लागत नाही. बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण फारसा करत नाही, तेव्हा पहिलीच्या मुलाने ‘पाणि’ लिहिले तर त्यावर लाल खूण करू नये. त्याने आवाज बरोबर ऐकला आहे. शुद्धलेखनाला तिसरी-चौथीत पुष्कळ वेळ मिळेल.

चौथा बारकावा बोलीचा, आणि तो इथे सर्वांत महत्त्वाचा. चंद्रातला च आणि चाकातला च, जिभेतला ज आणि जहाजातला ज, हे मराठी मुलाच्या तोंडात आपोआप वेगळे असतात. हिंदी घरातून आलेल्या मुलाच्या तोंडात ते नसतात. ‘ळ’ त्याला नवा असतो. काही घरांत ‘ण’ आणि ‘न’ यांत फरक ऐकू येत नाही. अशा मुलाला आपण ‘अशुद्ध बोलतोस’ म्हणतो, आणि ते मूल बोलायचे थांबते. न बोलणारे मूल वाचायला शिकत नाही, कारण वाचण्यासाठी लागणारा आवाज त्याने तोंडात दाबून टाकलेला असतो. सुरुवातीच्या महिन्यांत मुलाच्या आवाजाला मान द्यावा. ते ज्याला ‘पानी’ म्हणते त्याला ‘पानी’ लिहू द्यावे. ‘पाणी’ पुस्तकात असे लिहितात, हे त्याला पुढे सहज सांगता येते. बोली हटवून प्रमाणभाषा बसवता येत नाही, तिच्या शेजारी ती बसवता येते.

दादरा-नगर हवेलीत गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार माध्यमांच्या शाळा आहेत. २०११च्या जनगणनेनुसार निम्म्याहून जास्त लोक आदिवासी आहेत. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी, दुबळा अशा समाजांतले. त्यांच्यापैकी बहुतेकांची घरची बोली या चारही माध्यमांहून वेगळी आहे. त्यात खडोलीसारख्या ठिकाणी कारखान्यांमुळे परप्रांतांतून आलेली घरे. म्हणजे माध्यम कोणतेही घ्या, वर्गातली बरीच मुले परक्या भाषेत अक्षर शिकतात. यावर ‘मातृभाषेतून शिक्षण’ असे म्हणून सुटका होत नाही, कारण वारलीतून चालणारी सरकारी शाळा नाही. पण पहिल्या शंभर शब्दांची निवड शिक्षकाच्या हातात आहे. आणि एक अनुकूल गोष्टही आहे. गुजराती आणि देवनागरी या दोन्ही लिप्या एकाच तत्त्वावर चालतात. व्यंजन आणि त्याला जोडलेली स्वराची खूण हे तत्त्व ज्या मुलाला एका लिपीत नीट कळले, त्याला दुसरी लिपी काही आठवड्यांचे काम असते. म्हणून आधी मराठी की आधी गुजराती, यावर भांडण्यात वेळ घालवू नये. एका लिपीत पक्के होऊ द्यावे.

इंग्रजी फोनिक्सच्या वर्गाला मूल पाठवणाऱ्या पालकांना माझी एक विनंती. आवाज जोडण्याचे कौशल्य मुलाला ज्या भाषेत शब्द माहीत आहेत त्या भाषेत आधी येऊ द्या. ‘कॅट’ जोडून वाचणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला कॅट म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर जोडणे यांत्रिक राहते. ‘नाग’ जोडताना त्याच्या डोळ्यांपुढे नाग उभा राहतो. ही सवय लागली की ती इंग्रजीतही चालते.

शेवटी वारली मुलाच्या चित्रांविषयी. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते शाळेत शिकले नव्हते, आणि दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून त्यांनी माणूस, नाच, लावणी, लगीन सगळे कागदावर उतरवले. खुणेने गोष्ट सांगता येते, हे वारली मूल घरूनच शिकून येते. पहिलीच्या पहिल्या महिन्यात त्याच्या हातात पाटी द्यावी आणि काढू द्यावे. त्याने काढलेल्या चित्राखाली बाईंनी त्याचेच वाक्य त्याच्याच बोलीत लिहावे आणि बोट फिरवून वाचून दाखवावे. अशी पंधरा-वीस चित्रे शिवली की वर्गाचे पहिले पुस्तक तयार होते. त्याला छपाई लागत नाही, मंजुरी लागत नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू केले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मूल अर्थ समजून वाचेल असे लक्ष्य ठेवले. त्याचे तक्ते, चाचण्या, रकाने शाळांत आले आहेत, ते भरावेच लागतील. त्याशिवाय एक तपासणी प्रत्येक शिक्षकाने स्वतःसाठी करावी. दिवाळीच्या सुट्टीआधी एकेका मुलाला जवळ बसवून त्याने पूर्वी कधीही न पाहिलेला, पण शिकलेल्याच अक्षरांचा एक शब्द द्यावा. ‘लगीन’ शिकलेल्याला ‘लाली’, आणि ‘लाली’ म्हटल्यावर बाजूला एखादा पूर्ण बनावट शब्द, ‘गालीन’. पाठ केलेले मूल तिथे अडखळते, जोडून वाचणारे मूल वाचते. अडखळणाऱ्यांची नावे एका वहीत लिहावीत. सुट्टीनंतर त्यांच्यासाठी रोजची वीस मिनिटे वेगळी काढावीत, आणि त्या वेळी बाकीच्या मुलांच्या हातात त्यांनीच केलेली पुस्तके द्यावीत. हे काम अंगणवाडीताई आणि पहिलीच्या बाई यांनी जूनमध्ये एकत्र बसून आखले, तर पाड्यावरचे शब्द गोळा करायला एक आठवडा पुरतो.